पावसाळ्यात बांधा, दिवाळीनंतर रंगवा

बाल्साचं विमान बांधून झालं की बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो, ‘रंग कोणता घेऊ?’ एनसीसीच्या हवाई विभागातले कॅडेट असोत, स्पर्धेसाठी विमान बांधणारी अभियांत्रिकीची मुलं असोत की निवृत्तीनंतर जुना छंद पुन्हा हाती घेतलेले काका असोत, प्रश्न तोच. माझ्या लेखी तो तिसरा प्रश्न आहे. पहिला हा, की लाकूड किती कोरडं आहे. दुसरा हा, की डोळे मिटून हात फिरवला तर पृष्ठभाग बोटांना कसा लागतो. या दोन्हींची उत्तरं पक्की असतील तर कोपऱ्यावरच्या हार्डवेअरच्या दुकानातला स्प्रेचा डबाही देखणं काम देतो. ती नसतील तर महागातला महाग रंगसुद्धा प्रत्येक सांधा, प्रत्येक रेषा आणि अंगठ्याचा प्रत्येक दाब चकचकीत करून जगाला दाखवतो.

आधी या लाकडाचा स्वभाव समजून घ्या. बाल्सा हे मध्य आणि दक्षिण अमेरिकेतलं झाड, आणि बाजारात येणारा बहुतेक बाल्सा इक्वेडोरचा असतो. झाड उभं असताना त्याच्या मोठमोठ्या, पातळ भिंतींच्या पेशी पाण्याने भरलेल्या असतात. तोडल्यावर भट्टीत वाळवलं की ते पाणी निघून जातं आणि पेशींमध्ये हवा उरते. म्हणून त्याचं वजन घनमीटरला सरासरी १६० किलोच्या आसपास भरतं. आपलं सागवान त्याच्या चौपट. हा हलकेपणा आपल्याला हवाच असतो, पण त्याच मोकळ्या पेशी रंग पितात. कच्च्या बाल्सावर थेट रंग मारला तर पहिला हात मुरून जातो, दुसराही जवळपास मुरतो, आणि तिसऱ्या हाताला कुठे चमक दिसू लागते तोवर विमानाचं वजन वाढलेलं असतं. शिवाय लाकडाचे रेषे ओले होऊन उभे राहतात ते वेगळंच.

त्याच पेशी हवेतला ओलावाही घेतात आणि सोडतात. इथे आपल्या शहराचं हवामान मधे येतं. छत्रपती संभाजीनगर पठारावर आहे. ऑगस्टच्या सकाळी हवेतली आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर असते, आणि एप्रिलच्या दुपारी ती २०-२५ टक्क्यांपर्यंत उतरते. वर्षभरात एवढा चढउतार मुंबईकरांच्या वाट्याला येत नाही. आपल्याला मिळणाऱ्या बाल्साच्या फळ्या साधारण ७५ किंवा १०० मिलिमीटर रुंद असतात. ओल्या हवेतली अशी फळी कोरड्या हवेत आली की रुंदीत अर्धा ते एक मिलिमीटर आकसू शकते. लांबीत मात्र फरक जवळपास पडत नाही. आता विचार करा, पंखावर अशा चार फळ्या शेजारी शेजारी चिकटवल्या, ऑगस्टमध्ये त्या घासून गुळगुळीत केल्या, सीलर मारला, रंग दिला. गणपतीत विमान आरशासारखं दिसेल. फेब्रुवारीपासून प्रत्येक सांध्याची रेघ वर येऊ लागेल आणि मेपर्यंत लाकडाचे रेषेही रंगाखालून दिसतील. मग रंगाला दोष दिला जातो. रंगाने काहीच बिघडवलेलं नसतं. लाकूड ओलं असताना ते बंद केलं गेलं, एवढंच.

म्हणून मी वर्षाचं वेळापत्रकच सांगतो. जून ते सप्टेंबर हे बांधणीचे महिने. या काळात कापा, चिकटवा, आकार द्या, पण शेवटची घासाई आणि सीलर ठेवून द्या. ऑक्टोबरची उष्णता लाकूड वाळवण्यासाठी उत्तम असते. विमान घरातल्या हवेशीर खोलीत, माळ्यावर नव्हे, सपाट जागी दोन-तीन आठवडे राहू द्या. दिवाळी उरकली की शेवटची घासाई हाती घ्या. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे आपल्याकडे रंगकामाचे खरे महिने: हवा कोरडी, ऊन सौम्य, आणि थिनर ना फार लवकर उडत, ना रेंगाळत. मुंबईहून किंवा कोकणातून लाकूड मागवलं असेल तर त्यालाही आधी इथल्या हवेत काही दिवस राहू द्या, मगच कापा.

स्पर्धेची तारीख पुढ्यात असेल आणि पावसातच रंगवायचं असेल, तर खोली बंद करून आदल्या दिवसापासून आत साठ किंवा शंभर वॉटचा साधा पिवळा बल्ब लावून ठेवा आणि एक स्वस्त आर्द्रतामापक विकत घ्या. काटा ६०-६५ टक्क्यांच्या खाली आला तरच डबा उघडा.

आता वजन. रंगवण्याआधी हा हिशेब मांडावाच, कारण उडणाऱ्या वस्तूवर रंग हाही एक प्रवासी असतो. एक चौरस मीटर पृष्ठभागावर १० मायक्रॉन जाडीचा कोरडा थर बसला आणि त्याची घनता १.३ धरली, तर १३ ग्रॅम वाढतात. मध्यम आकाराच्या विमानाचे पंख दोन्ही बाजूंनी, धड आणि शेपूट मिळून पृष्ठभाग सहज एक चौरस मीटर होतो. मोटारगाडीवर रंगाचे सगळे थर मिळून साधारण १०० ते १२० मायक्रॉन असतात. तेवढाच थर विमानावर चढवला तर १३० ते १५६ ग्रॅम फुकटचे. सव्वा किलोच्या विमानाला हे परवडत नाही. आपलं लक्ष्य सीलर, प्रायमर, रंग सगळं धरून ४० मायक्रॉनच्या आसपास असावं. शेपटाकडे तर आणखी हात आखडता घ्या. शेपूट गुरुत्वमध्यापासून नाकाच्या तिप्पट अंतरावर असेल, तर तिथे चढलेला प्रत्येक ग्रॅम तोलायला नाकात तीन ग्रॅम शिसं लागतं.

हे सगळं ऐकून कोणी म्हणेल, मग प्लॅस्टिकची फिल्म इस्त्रीने चिकटवलेली काय वाईट? वाईट काहीच नाही. उघड्या सांगाड्याच्या पंखाला, जिथे फासळ्यांच्या मधे काहीच नाही, तिथे फिल्मच योग्य. रंग शोभतो तो पूर्ण फळीबंद पृष्ठभागावर, गोलाईच्या धडावर, आणि खऱ्या विमानाची हुबेहूब प्रतिकृती करायची असेल तेव्हा. एकाच विमानात पंखाला फिल्म आणि धडाला रंग असंही चालतं.

घासाई खरं तर चिकटवतानाच सुरू होते. वाळलेला गोंद बाल्सापेक्षा कितीतरी कडक असतो. फेविक्विकसारख्या गोंदाचा थेंब सांध्यावर तसाच राहिला तर पॉलिश पेपर त्यावरून घसरतो आणि दोन्ही बाजूंचं मऊ लाकूड खातो. सांधा उंचवटा होऊन उरतो आणि त्याच्या दोन्ही अंगांना चर पडतात. रंगाखाली ही गोष्ट पहिल्यांदा नजरेत भरते. म्हणून फळीला फळी जोडताना कडेला पांढरा गोंद, म्हणजे फेव्हिकॉल, अगदी पातळ लावा, वर आलेला लगेच ओल्या फडक्याने पुसा, आणि झटपट चिकटणारा गोंद आतल्या सांध्यांसाठी राखून ठेवा. पाच मिनिटांत चिकटणारं इपॉक्सी बाहेरच्या पृष्ठभागावर येऊच देऊ नका.

घासायला हाताची बोटं वापरू नका. बोटांच्या टोकांखाली दाब सारखा पडत नाही आणि मऊ लाकडात लाटा उठतात. सपाट ठोकळा हवा. खिडक्यांची स्लायडिंग बनवणाऱ्या कोणत्याही दुकानात अ‍ॅल्युमिनियमच्या चौकोनी नळीचे उरलेले तुकडे असतात. फूटभर लांबीचे दोन-तीन मागून घ्या. त्यांच्या चार बाजूंना वेगवेगळ्या नंबरचा पॉलिश पेपर दुहेरी टेपने चिकटवला की उत्तम हत्यार तयार होतं. आकार देण्यासाठी १२० नंबर, त्याच्या रेघा काढायला २२०, आणि सीलरच्या आधी ३२०. आकार देताना तिरकं घासलं तरी चालतं, शेवटची घासाई मात्र लाकडाच्या रेषांच्या दिशेनेच. कागद बोथट झाला की टाकून द्या. बोथट कागदावर माणूस नकळत जोर लावतो, आणि जोर लावला की बाल्सा दबतो, कापला जात नाही.

पंखाच्या बाबतीत एक धोका आहे. दीड मिलिमीटरची फळी फासळ्यांवर ताणलेली असते. फासळीच्या ठिकाणी तिला आधार असतो, दोन फासळ्यांच्या मधे ती किंचित खाली वाकते. छोटा ठोकळा घेऊन घासलं तर फासळीवरचीच फळी पातळ होत जाते आणि कधीतरी आरपार होते. म्हणून ठोकळा एका वेळी किमान तीन फासळ्यांवर टेकेल एवढा लांब घ्या, आणि फक्त त्याच्या वजनाने घासा.

खड्डे दोन प्रकारचे असतात. लाकूड दबून झालेला खड्डा भरायचा नसतो, फुगवायचा असतो. तिथे सुईने दोन-चार बारीक टोचे मारा, पाण्याचा थेंब सोडा, मिनिटभराने ओल्या फडक्यावरून गरम इस्त्रीचं टोक टेकवा. वाफेने चेपलेल्या पेशी पुन्हा फुगतात आणि बहुतेक खड्डे जागीच नाहीसे होतात. पूर्ण वाळल्याशिवाय तिथे घासू नका. जिथे लाकूडच उडालं आहे, किंवा सांध्यात फट आहे, तिथे मात्र भरावं लागतं. भिंतीची पुट्टी इथे चालत नाही. ती जड आणि ठिसूळ असते, पंख लवला की तडकते. गाडीची पुट्टी चिकटते चांगली, पण बाल्सापेक्षा फार कडक आणि जड. छंदाच्या दुकानात मिळणारं हलकं फिलर, किंवा काचेचे पोकळ सूक्ष्म गोळे मिसळलेली लुगदी, हे सगळ्यात बरं. ते हाती नसेल तर सँडिंग सीलरमध्ये टाल्कम पावडर कालवून घट्ट लेप करा. तोही जडच असतो, म्हणून फक्त फटीत भरायचा आणि वरचा सगळा घासून काढायचा. फट अर्धा मिलिमीटरपेक्षा मोठी असेल तर भरूच नका. बाल्साची पातळ चीप कापून तिथे चिकटवा. लाकडाला लाकूड, हाच नियम.

घासताना मास्क लावा, आणि तो कापडी नको. बाल्साची भुकटी इतकी बारीक असते की ती खोलीत बराच वेळ तरंगत राहते. पंखा बंद ठेवा, ओल्या फडक्याने टेबल पुसत राहा. आणि सगळं झाल्यासारखं वाटलं की खोलीतला दिवा मालवून विमानावर टॉर्चचा प्रकाश कडेने, अगदी तिरका पाडा. सरळ उजेडात न दिसलेले सगळे चर आणि उंचवटे त्या सावल्यांत दिसतात. पेन्सिलने खुणा करा आणि तेवढेच पुन्हा घासा.

यानंतर सीलर. या कामाचा सगळ्यात महत्त्वाचा टप्पा हाच, म्हणून इथे जरा थांबू या.

जुने एरोमॉडेलर डोप वापरत. नायट्रोसेल्युलोज (एनसी) द्रावकात विरघळवलेलं, कागद किंवा कापड ताणून घट्ट करणारं. आपल्याकडे डोप सहज मिळत नाही, पण त्याच कुळातला एनसी सँडिंग सीलर आणि एनसी क्लिअर लॅकर लाकडी फर्निचरला लागतो, त्यामुळे शहरातल्या रंगाच्या कोणत्याही बऱ्या दुकानात सापडतो. सँडिंग सीलरमध्ये घासायला सोपं जावं म्हणून झिंक स्टिअरेट असतं. त्याची पांढरी पूड कागदावर न चिकटता झडून जाते. तो एनसी थिनरमध्ये निम्म्याला निम्मा पातळ करा आणि मऊ ब्रशने एक हात मारा. पहिला हात वाळला की पृष्ठभाग खरखरीत लागेल, कारण रेषे उभे राहून तसेच ताठरलेले असतात. घाबरू नका, ३२० नंबरने हलकं घासलं की ते निघून जातात आणि परत उठत नाहीत. दुसरा हात, पुन्हा घासाई. तिसरा हात फक्त जिथे अजूनही रंध्रं दिसतात तिथे. सुताराला टेबलावर सहा हात मारायची सवय असते. आपण तीनवर थांबायचं. दोन हातांच्या मधे वजन करा. घासून झाल्यावर विमान सीलरच्या आधीपेक्षा थोडंसंच जड झालेलं असावं. लाकडात मुरलेला सीलर हवा, लाकडावर साठलेला नको.

नायट्रोसेल्युलोज वर्षानुवर्षं आकसत राहतं. फळीच्या एकाच बाजूला लावलं तर पातळ शेपूट त्या बाजूला वळतं. म्हणून शेपूट, एलेरॉन, रडर अशा पातळ भागांना दोन्ही बाजूंनी लागोपाठ सीलर मारा आणि वरून कोरडा झाला की सपाट फळीवर वजन ठेवून रात्रभर दाबून ठेवा. क्लिअर लॅकर वापरत असाल तर त्यात १०० मिलिलिटरला दोन-तीन मिलिलिटर एरंडेल घाला. ते थराला लवचीक ठेवतं, ओढ कमी करतं. एरंडेल या छंदात जुनं आहे. मेथॅनॉलवर चालणाऱ्या छोट्या इंजिनांच्या इंधनात वंगण म्हणूनही तेच असतं.

एनसीचा सगळ्यात मोठा धोका आगीचा. थिनरची वाफ जमिनीलगत सरकते आणि दूरच्या ज्योतीपर्यंत पोहोचते. फ्लॅटमध्ये काम करत असाल तर स्वयंपाकघरातला गॅस आणि देवघरातला दिवा दोन्ही विझलेले आहेत ना, ते पाहूनच डबा उघडा. शक्यतो गच्ची गाठा. वाफेसाठी धुळीचा मास्क पुरत नाही, कोळशाच्या कार्ट्रिजचा मास्क हवा.

दुसरा धोका थर्माकोलचा. पंखाचा गाभा थर्माकोलचा आणि वर बाल्साची फळी असेल, तर एनसी थिनर सांध्यातल्या केसाएवढ्या फटीतूनही आत शिरतो आणि थर्माकोल विरघळवतो. बाहेरून काही दिसत नाही. नंतर कधीतरी पंख दाबला की खाली पोकळी लागते. अशा पंखाला पाण्यावर आधारित सीलरच घ्या.

पाण्यावर आधारित पॉलियुरेथेन किंवा अ‍ॅक्रिलिक वार्निश हा पर्याय मला आता सगळ्यांसाठीच आवडू लागला आहे, विशेषतः शाळकरी मुलं घरात काम करत असतील तेव्हा. वास कमी, आगीची भीती नाही. पाण्यामुळे रेषे जास्त उभे राहतात आणि पातळ फळी पहिल्या हाताला फुगून वाकते, म्हणून पहिला हात अगदी ओलसर, दुसरा पहिला पूर्ण वाळल्यावर. एका दिवसात उरकायची घाई इथे करू नका. विजेवर उडणाऱ्या विमानाला एवढं संरक्षण पुरतं. इंधनाचं इंजिन असेल तर मात्र मेथॅनॉल आणि तेल एनसीलाही सोडत नाही, एनॅमललाही नाही. इंजिनाची खोबण, टाकीची जागा आणि नाकाची आतली बाजू पातळ इपॉक्सीने रंगाआधीच बंद करा, अगदी स्क्रूच्या भोकांच्या आतूनसुद्धा.

फक्त सीलरवर रंग दिला तर तो काही वर्षं चांगला राहतो. जास्त टिकाऊपणा हवा असेल तर मधे तंतूंचा एक थर द्यावा लागतो. हलक्या विमानाला जपानी टिश्यू, चौरस मीटरला साधारण १० ते १५ ग्रॅमचा. सीलर घासून झाल्यावर कागद कोरडाच अंथरा, मधून कडेकडे जात ब्रशने पातळ एनसी त्यातून आत जिरवा, कडा आतल्या बाजूला वळवा. पतंगाचा कागद वापरायचा मोह होतो, आणि संक्रांतीच्या सुमारास गावात त्याचे गठ्ठे दिसतात. आधी एका तुकड्यावर थिनर टाकून बघा: रंग उतरला किंवा कागदातून द्रव आत गेलाच नाही, तर तो पतंगालाच राहू द्या. मोठ्या, वेगवान विमानाला २५ ग्रॅमचं काचेचं कापड आणि पातळ लॅमिनेटिंग इपॉक्सी. जुन्या एटीएम कार्डाने जादा इपॉक्सी ओढून काढत राहा, कापडाची वीण दिसत राहील एवढंच ठेवा. मग कापड आणि इपॉक्सी मिळून चौरस मीटरला ५०-६० ग्रॅममध्ये काम होतं. ही वीण नंतर प्रायमरने भरायची. आणि एप्रिलमध्ये इपॉक्सी कालवत असाल तर लक्षात ठेवा, तापमान दहा अंशांनी वाढलं की हाताशी असलेला वेळ जवळपास निम्म्यावर येतो. थोडं थोडंच कालवा.

लाकूड आणि रंगाच्या मधे तंतू घालायची ही युक्ती मोठ्या विमानांतही वापरली गेली. २५ नोव्हेंबर १९४० रोजी पहिल्यांदा उडालेल्या ब्रिटिश ‘मॉस्किटो’ विमानाचं धड बर्च प्लायच्या दोन थरांमध्ये बाल्सा भरून केलेलं होतं, आणि त्यावर मडापोलम हे बारीक सुती कापड डोपने चिकटवून मग रंग दिला जाई. लाकूड उघडं ठेवून नुसता रंग दिलेला नव्हता. तरीही १९४४ मध्ये भारत-ब्रह्मदेशाच्या आघाडीवर काही मॉस्किटोंच्या पंखांचे सांधे सुटल्याची प्रकरणं घडली, आणि चिकटवण्यातले दोष व इथली उष्ण-दमट हवा या दोन्हींकडे बोट दाखवलं गेलं. आपल्या हवेत लाकडी विमान ठेवायचं तर सांधा आणि सील या दोन्ही गोष्टी किती जपाव्या लागतात, याचं याहून मोठं उदाहरण नाही. आणि हीच तंतूंची समज आपल्या दाराशीही आहे: वेरूळच्या लेण्यांतल्या मातीच्या गिलाव्यात भांगेचे तंतू मिसळलेले असल्याचं २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं. अजिंठ्यातही चित्रकारांनी खडबडीत दगडावर आधी तूस-गवत मिसळलेला जाड गिलावा दिला, त्यावर बारीक थर, त्यावर पांढरा हात, आणि मग कुंचला उचलला. वेरूळला सहलीला गेलात तर गिलावा निखळला आहे तिथली कड जवळून पाहा, हात न लावता.

सीलर किंवा कापडावर प्रायमर. गाडीसाठी मिळणारा राखाडी प्रायमर सरफेसर चालतो, स्प्रेच्या डब्यातला सोयीचा. प्रायमरचं काम चढून राहणं नव्हे, चर दाखवणं आणि भरणं. पातळ हात मारा, वाळू द्या, मग काळ्या रंगाचा अगदी विरळ शिडकावा दुरून द्या. आता ४०० नंबरने ठोकळ्यावर घासा. उंचवट्यावरचा काळा आधी जातो, चरातला राहतो. काळे ठिपके पूर्ण गेले की ती जागा सपाट झाली. लाकूड किंवा कापड दिसू लागलं तर तिथे घासणं लगेच थांबवा. मारलेल्या प्रायमरपैकी बराचसा भुकटी होऊन खाली पडला पाहिजे. वॉटर पेपरने ओलं घासायचं असेल तर ते फक्त आता, आणि तेही भिजवलेला कागद पिळून. थर फाटलेल्या ठिकाणी पाणी शिरलं की खालचा बाल्सा फुगतो आणि सगळी मेहनत मागे जाते.

पावसाळी हवेत एनसी किंवा त्याच्या प्रायमरवर दुधासारखा पांढरा पडदा येतो. थिनर उडताना पृष्ठभाग थंड होतो आणि हवेतला ओलावा त्यावर बसतो. घासू नका. कोरड्या दिवशी वरून नुसत्या थिनरचा पातळ फवारा मारला की थर पुन्हा मऊ होऊन पारदर्शक होतो. मिळाला तर सावकाश उडणारा रिटार्डर थिनर वापरा. उन्हाळ्याच्या दुपारी याच्या उलट होतं. रंग हवेतच वाळून पृष्ठभागावर रेतीसारखा बसतो आणि ब्रश ओढत राहतो. एप्रिल-मेमध्ये काम करावंच लागलं तर सकाळी उजाडल्यापासून आठ वाजेपर्यंत, वारा सुटण्याआधी.

रंगांचं आपसात जमतं की नाही, हे विमानावर तपासायचं नसतं. त्याच लाकडाची हातभर पट्टी सुरुवातीपासून शेजारी ठेवा आणि विमानाला जे जे लावाल ते ते तिलाही लावा. एनसीवर एनॅमल बसतं, पण एनॅमलवर एनसी मारलं की खालचा थर सुरकुततो. पट्टीवर मास्किंग टेप दाबून चिकटवा आणि झटक्यात ओढा. टेपबरोबर रंग किंवा प्रायमर आला तर खालची घासाई किंवा सफाई कमी पडली आहे. उघड्या, सील न केलेल्या बाल्सावर टेप लावूच नका, ती रेषे उपटून आणते.

वाळूज आणि शेंद्र्याच्या वाहन कारखान्यांचं हे शहर. रंगकामाची जाण असलेले कारागीर इथे मोठ्या संख्येने आहेत. टू-के पॉलियुरेथेनचा शेवटचा चकचकीत हात हवा असेल तर तो घरी मारू नका, कारण त्यातल्या हार्डनरमधली आयसोसायनेट फुप्फुसांना घातक असतात. गाड्यांचं काम करणाऱ्या, बूथ असलेल्या उस्तादाकडे विमान घेऊन जा. पण जाताना वजनकाटा बरोबर न्या. त्यांच्या हाताला गाडीचा थर माहीत असतो, आणि चमक यावी म्हणून ते मनापासून जाड मारतात. ‘उस्ताद, गाडीच्या तिसऱ्या हिश्श्याएवढाच, एकच ओला हात’ असं आधी सांगा, वजनाचं कारण समजावा. कारण कळलं की चांगला कारागीर तुमच्यापेक्षा जास्त काळजी घेतो.

रंग निवडताना आपलं ऊनही धरा. मेच्या दुपारी मैदानात किंवा बंद गाडीत ठेवलेलं गडद निळं किंवा काळं विमान हात लावता येणार नाही इतकं तापतं. पाच मिनिटांचं इपॉक्सी त्या तापमानाला मऊ पडू लागतं, आणि खालचे सांधे रंगातून वर दिसू लागतात. पांढरा, पिवळा, फिकट केशरी हे रंग थंड राहतात. गडद रंग खालच्या बाजूला द्या. वर आणि खाली वेगळा रंग असला की हवेत विमान उलटं आहे की सुलटं, तेही लगेच कळतं.

शेवटच्या घासाईनंतर एलेरॉन आणि रडर बिजागऱ्यांमधून काढून वेगळे ठेवा, बिजागऱ्यांच्या खाचांत मास्किंग टेपच्या चिमट्या भरा, नाहीतर रंग शिरून फटी घट्ट होतात. मोटर, सर्व्हो, बॅटरी जागेवर ठेवून गुरुत्वमध्य एकदा तपासा आणि वजन वहीत लिहा. मग सगळं परत काढा. आयसोप्रोपिल अल्कोहोल हलकंसं लावलेल्या स्वच्छ सुती फडक्याने एकाच दिशेने पुसा. एनसीचा थर असेल तर तेही नको, कोरडं फडकंच घ्या, कारण अल्कोहोल त्याला मऊ करतं. पुसल्यानंतर हातमोजे घातल्याशिवाय विमानाला हात लावू नका, कारण बोटांच्या तेलावर रंग धरत नाही. जमिनीवर पाणी शिंपडून धूळ बसवा, दहा मिनिटं थांबा, आणि रंगाचा डबा हलवायला घ्या.